लऊळपर्यंत जाणारी माउली

वारकरी सज्जनहो, पंढरीची वाट आपल्या सर्वांच्या पायाखालची आहे. आळंदीहून, देहूहून, पैठणहून, त्र्यंबकेश्वरहून पालख्या निघतात आणि आषाढीस चंद्रभागेच्या वाळवंटात एकत्र होतात. भक्ताने चालावे आणि देवाने विटेवर उभे राहून वाट पाहावी, असा हा शेकडो वर्षांचा रिवाज. पण याच भूमीत एक ठिकाण असे आहे, की तेथे भक्त थांबला आणि देव चालत आला. ते ठिकाण म्हणजे लऊळ. सोलापूर जिल्ह्यात, कुर्डुवाडीच्या जवळ हे गाव आहे. संत कूर्मदासांचे स्थान तेथे आहे. या महिन्याच्या निरूपणास आम्ही हेच स्थान घेतले आहे, आणि त्याच्या आधाराने एका आईचे स्मरण करावयाचे योजिले आहे.

कूर्मदासांची कथा आपण कीर्तनातून ऐकलेली आहे, तरी थोडक्यात सांगतो. पैठणचे हे भक्त. त्यांना हात नव्हते, पाय नव्हते. कासवासारखे सरपटावे लागे, म्हणून नाव पडले कूर्मदास. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि कार्तिकीस जायचेच, असा निश्चय केला. लोक हसले असतील, नाही असे नाही. ज्याला घराचा उंबरा ओलांडता येत नाही तो पंढरी काय गाठणार? पण हा गडी निघाला. लोळत, सरपटत, अंग सोलून घेत, गावोगावी मिळेल तो घास खात तो लऊळपर्यंत आला. पंढरी काही कोसांवर राहिली आणि एकादशी तर उद्यावर आली. आता वेळेवर पोहोचणे नाही हे त्याला कळले. तेव्हा पुढे चाललेल्या यात्रेकरूंच्या हाती त्याने निरोप दिला, "देवा, मी येऊ शकत नाही. तूच ये." आणि परंपरा सांगते, की पांडुरंग उठला, संतांना बरोबर घेतले आणि लऊळला आला.

आता ही कथा नीट उलगडून पाहा बरे! देवाने कूर्मदासाला काय विचारले? 'आधी पाय आण, मग दर्शन देतो,' असे म्हटले काय? 'मागच्या जन्मी काय केलेस म्हणून असा झालास?' असे विचारले काय? 'लोक चालत येतात, तू का नाही?' असा टोमणा मारला काय? नाही. भक्त जेथवर येऊ शकला तेथवर देव गेला. उरलेले अंतर देवाचे. या एका गोष्टीत आजच्या निरूपणाचे सार आहे. जे लेकरू आपल्यापर्यंत येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत आपण जावे.

हातपाय नसलेला माणूस डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची दया तरी येते. पण कित्येक लेकरांचे हातपाय धड असतात आणि बुद्धीची चाल तेवढी मंद असते. इतर मुले वर्षाची होऊन चालू लागतात, हे तीन वर्षांनी चालते. इतर मुले शाळेत पाढे म्हणतात, याला आपले नाव सांगायला दहा वर्षे लागतात. पूर्वी अशा मुलांना मतिमंद म्हणत. आताचा कायदा 'बौद्धिक दिव्यांगता' हा शब्द वापरतो. २०११ च्या जनगणनेत अशी नोंद झालेली माणसे देशात सुमारे १५ लाख होती. शब्द बदलला हे चांगलेच झाले, पण घरातली गोष्ट शब्दाने बदलत नाही.

हे निरूपण लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातले युसूफ वडगाव आहे. मुकुंदराजांची आणि दासोपंतांची अंबाजोगाई येथून फार दूर नाही. या टापूत हरिनाम सप्ताह होतात, टाळमृदंग घराघरांत ओळखीचा आहे, माळकरी मंडळी वारीला जातात. आणि याच टापूत, इतर कोणत्याही टापूप्रमाणे, एखाद्या घराच्या आतल्या खोलीत असे एखादे लेकरू असते. पाहुणे आले की दार ओढून घेतले जाते. लग्नकार्यात त्याला शेजारी ठेवतात. थोरल्या बहिणीची सोयरीक जमेपर्यंत त्याचे नाव निघत नाही.

गावाच्या नावातच युसूफ आहे, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संत म्हणून डोक्यावर घेणारा आपला संप्रदाय. तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. युसूफ हा बापाचा लाडका. त्याच्या भावांनीच त्याला विहिरीत टाकले आणि घरी येऊन सांगितले, की त्याला लांडग्याने खाल्ले. बाप रडून रडून आंधळा झाला, पण लेकरू जिवंत आहे ही आशा त्याने सोडली नाही. आतल्या खोलीत कोंडलेले मूल हेही विहिरीतलेच मूल नव्हे काय? ते आहे, श्वास घेते, हाका मारते. पण गावाच्या लेखी ते नाही. फरक एवढाच, की येथे त्याच्यासाठी रडणारी आई त्याच विहिरीत त्याच्या शेजारी बसलेली असते.

अशाच एका आईचे आज स्मरण करू. या आईने विहिरीत बसून राहण्याचे नाकारले, आणि वर येताना आपल्याबरोबर शेकडो लेकरांना वर काढले. त्या म्हणजे नाशिकच्या रजनीताई लिमये. त्या शाळेत शिकवणाऱ्या बाई. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या हुशार मुलांना धडे द्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पाहायचे, की आपल्या पोटच्या मुलाला मात्र जगातल्या कोणत्याच शाळेचे दार उघडे नाही. त्यांचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता. शिक्षिकेच्या पोटी असे मूल यावे, हा केवढा पेच! ज्या हातांनी दुसऱ्यांच्या पोरांच्या पाठीवर शाबासकी द्यायची, त्याच हातांनी रात्री आपल्या पोराला घास भरवायचा. गोदाकाठचे ते शहर, कुंभमेळ्याचे, तीर्थाचे. तेथेही अशा मुलांसाठी जागा कुठे होती?

पुष्कळ आया येथे देवाला नवस बोलून थांबतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. बुडत्याला काडीचा आधार. पण रजनीताईंनी आपल्या दुःखाचा हिशेब निराळ्या रीतीने मांडला. माझ्या मुलाला शाळा नाही, म्हणजे गावात अशा आणखी मुलांनाही शाळा नसणार. तेव्हा शाळा काढावी. १९७७ साली नाशिकला प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू झाले. मुले किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हळूहळू प्रबोधिनी ट्रस्टचे काम वाढले. शाळेच्या जोडीला, मोठ्या झालेल्या मुलांना हाताला काम मिळावे म्हणून संरक्षित कार्यशाळा उभी राहिली. चार दशके हे काम पाहून २०१८ साली रजनीताईंनी देह ठेवला.

त्या एकट्याच होत्या असेही नाही. त्यांच्याआधी १९४४ साली मुंबईत जय वकील नावाच्या पारशी बाईंनी आणि त्यांचे पती डॉक्टर होरमसजी यांनी आपल्या राहत्या घरात अशीच शाळा सुरू केली. कारण तेच. त्यांच्या मुलीला घेणारी शाळा मुंबईसारख्या नगरीत नव्हती. ती शाळा पुढे शिवडीला मोठी झाली, आजही चालू आहे. १९६४ साली पुण्यात सिंधुताई जोशी यांनी कामायनी सुरू केली. जात निराळी, पंथ निराळा, शहर निराळे. पण गोष्ट एकच. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नाही ना? मग शाळा मुलापर्यंत येईल. हे लऊळला जाणेच नव्हे काय?

आता कोणी म्हणेल, "महाराज, आईची माया तर प्रत्येक घरात आहे. त्यात शिक्षणाचे काय एवढे?" या शंकेचे निरसन केले पाहिजे, कारण खरा मुद्दा येथेच आहे.

आपल्याकडे कासवीचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. कासवी म्हणे पिलाला दूध पाजत नाही. दुरून नुसते पाहते आणि त्या दृष्टीनेच पिले वाढतात. आईची दृष्टी तशी. पण माणसाच्या लेकराला नुसती दृष्टी पुरत नाही. त्यातून ते लेकरू मंदगती असले, तर आईची मायाच कित्येकदा त्याच्या आड येते. तुम्ही पाहिले असेल. अशा मुलाला वीस वर्षांचा होईतो आई घास भरवते, सदरा घालते, तोंड धुते. का? तर, "त्याला जमत नाही हो, त्याचे हाल बघवत नाहीत." माया खरी आहे, पण त्या मायेने त्याचे हात तसेच राहिले. शिक्षिका झालेली आई निराळे करते. ती हात मागे घेते. पोटच्या पोराला धडपडताना पाहणे आणि तरी हात मागे घेणे, याहून कठीण तप आम्हाला ठाऊक नाही.

उदाहरणादाखल सदऱ्याची गुंडी लावणे घ्या. आपल्याला वाटते, हे एकच काम. पण विशेष मुलांना शिकवणारी बाई त्याचे सात-आठ तुकडे करते. गुंडी दोन बोटांत धरणे, काजे शोधणे, काजे दुसऱ्या हाताने ताणून धरणे, गुंडीची कड काजात सरकवणे, पलीकडच्या बोटांनी ती पकडणे, ओढणे, आणि मग सदरा नीट करणे. एकेका तुकड्याला आठवडे लागतात. आणि गंमत अशी, की ती पुष्कळदा शेवटच्या तुकड्यापासून आरंभ करते. आधीचे सगळे बाई स्वतः करून देते, गुंडी काजातून निम्मी बाहेर आली, की म्हणते, "बाळा, आता तू ओढ." लेकराने ओढले, गुंडी लागली! "लावली बघ गुंडी!" सगळे टाळ्या वाजवतात. काम पुरे केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. तो जमला, की शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्याकडे सोपवतात, मग तीन. असे मागून पुढे येत येत एक दिवस सबंध सदरा त्याचा तो घालतो.

वारकऱ्यांना हे कळायला जड नाही. म्हाताऱ्या माणसाला वाखरीपर्यंत गाडीत बसवून आणतात आणि तेथून पुढे म्हणतात, "आता चाला आजोबा, कळस दिसेल." कळस दिसताच ते जे हात जोडतात ते त्यांचे स्वतःचे असतात. बाकीची वाट आपण वाहून नेली, पण दर्शन त्यांनी घेतले. या शिक्षणात हेच आहे. चित्रे दाखवून दिवसाचा क्रम शिकवणे, नाणी ओळखायला लावणे, रस्ता ओलांडायला शिकवणे, 'नको' म्हणायला शिकवणे, कोणी अंगाला हात लावला तर ओरडायला शिकवणे, या सगळ्या पायऱ्याच आहेत. घाई नाही. सद्गुरू शिष्याचा अधिकार पाहून उपदेश करतो, असे आपण म्हणतो. शाळेतल्या सर्व मुलांना एकच पुस्तक असते. या मुलांच्या शाळेत मात्र प्रत्येक लेकराचा पाठ निराळा. अधिकारभेद याहून निराळा काय असतो?

दुसरी शंका पूर्वकर्माची. ही फार जुनी आणि फार क्रूर. "काहीतरी पाप असेल, त्याशिवाय असे पोर पोटी येत नाही." हे वाक्य बोलणारा शहाणा समजला जातो आणि ऐकणारी आई मान खाली घालते. सज्जनहो, या बाबतीत शास्त्र काय सांगते ते ऐका. अशा मुलांचा जो एक प्रकार सर्वांत ओळखीचा, त्याचे वर्णन १८६६ साली डाउन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी केले. १९५९ साली पॅरिसच्या डॉक्टरांना त्याचे कारण सापडले. माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या मुलांत २१ व्या जोडीत एक गुणसूत्र जास्त असते. एवढेच. आईने ग्रहणात विळी धरली म्हणून नव्हे, सासूचा शाप लागला म्हणून नव्हे. काही मुलांना जन्मतेवेळी प्राणवायू कमी पडतो, ती वेळेवर रडत नाहीत; काहींना मेंदूज्वर होतो; काहींच्या गळ्यातील ग्रंथीचा रस जन्मतःच कमी असतो. हा शेवटचा दोष तर जन्मल्यावर लगेच रक्त तपासून ओळखला आणि रोज गोळी दिली, तर मूल बव्हंशी इतरांसारखे वाढते. म्हणजे जेथे उपाय होता तेथे आपण पाप शोधत बसलो आणि गोळीची वेळ निघून गेली, असे कितीदा झाले असेल! पाप असलेच तर ते तेथे आहे.

आणि समजा, कोणाला कर्माचाच विचार सोडवत नाही. तरी संतांनी कर्माचा सिद्धांत दुसऱ्याच्या दारावर दगड मारायला दिला होता काय? आपल्या दुःखाला कर्म म्हणावे आणि सोसावे. दुसऱ्याच्या दुःखाला कर्तव्य म्हणावे आणि धावावे, हीच संतांची रीत. पैठणच्या धर्मपीठापुढे ज्ञानोबारायांनी रेड्याच्या मुखी वेद आणले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. रेड्याच्या ठायी ज्यांना वेद दिसला, त्यांच्या वंशजांना शेजारच्या मुक्या लेकरात पाप दिसावे काय?

तिसरी गोष्ट याहून नाजूक आहे. तीत दोष दिसत नाही, उलट पुण्य दिसते. अशा आईला पाहिले, की आपण हात जोडतो. "धन्य ती माउली! साक्षात देवी आहे." मुलाला म्हणतो, "देवाचे लेकरू आहे." आणि आपापल्या घरी जातो. हात जोडले, की हात मोकळे! अहो, देवी म्हटल्याने बाईची कंबर दुखायची थांबते काय? वीस वर्षांच्या मुलाला उचलून न्हाणीत नेणाऱ्या बाईला आरती नको असते. दोन तास कोणी त्याच्यापाशी बसेल काय, एवढेच ती विचारते. आणि तेही तोंडाने विचारत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. दसरा-दिवाळी झाली, की गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते. बाई गेली नाही तर कोयता मोडतो, मग उचल नाही, मग वर्ष कसे काढायचे? आता त्या बाईच्या घरी असे लेकरू असले तर? घरी ठेवावे तर आजीला आवरत नाही. बरोबर न्यावे तर फडाच्या कडेला कोपीत दिवसभर त्याला कोण पाहणार? पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधणाऱ्या त्या आईला नाशिकची शाळा ठाऊक नाही, पुण्याची ठाऊक नाही. तिला देवी म्हणणे सोपे आहे. तिचे लेकरू सहा महिने सांभाळणे कठीण आहे. आणि वारकरी धर्म सोप्या बाजूला असतो की कठीण बाजूला, हे आपण आपल्यालाच विचारावे.

आता पुंडलिकाकडे वळू, कारण त्याच्यावाचून पंढरीचे कोणतेही निरूपण पुरे होत नाही. पुंडलिकाने आईबापांची सेवा केली आणि देवाला विटेवर तिष्ठत ठेवले. म्हणून प्रत्येक आईच्या मनात एक आस असते, की माझाही लेक पुंडलिक होईल. म्हातारपणी माझे पाय चेपील, मला वारीला नेईल, अखेरीस तोंडात पाणी घालील. ही आस काही पाप नव्हे. पण ज्या आईच्या पोटी असे लेकरू आले, तिला पहिल्या काही वर्षांतच कळून चुकते, की हा पुंडलिक होणार नाही. उलट मीच शेवटपर्यंत याचा पुंडलिक. येथे फळाची आशा मुळातूनच तुटलेली आहे. निष्काम कर्म, निष्काम कर्म म्हणून आपण गीतेवर तासन् तास बोलतो. ते पाहायचे असेल तर अशा घरात जावे. आणि पुंडलिकाची सेवा पाहून जो देव विटेवर थांबला, तो या आईच्या दाराशी थांबल्यावाचून राहील काय? आमचा विश्वास आहे, की तो थांबलेलाच असतो. आपणच दार ओढून घेतल्यामुळे तो दिसत नाही.

पण निष्काम झाली म्हणून आईची चिंता सुटते असे समजू नका. तिची एकच चिंता असते, आणि ती रात्री दिवा मालवल्यावर येते. "माझ्यामागं याचं कसं?" स्वतःच्या मरणाचे भय नाही, मुलाच्या आधी मरण्याचे भय आहे. कित्येक आया देवाकडे मागतात, "याला माझ्या आधी ने, मग मला ने." सज्जनहो, आई जेव्हा आपल्या लेकराचे मरण मागते, तेव्हा तिला ते मागावे लागले याचा जाब कोणाला विचारायचा? तिला नव्हे. ज्या गावाने तिला "आम्ही आहोत" असे कधी म्हटले नाही, त्या गावाला. रजनीताईंसारख्यांनी शाळेवर न थांबता मोठ्या मुलांची कार्यशाळा उभारली, ती याच प्रश्नावर काढलेली वाट होती. शाळा बाळपणापुरती असते. हे लेकरू पुढे चाळीस वर्षांचे होते, पन्नासचे होते.

कायद्याने थोडीफार सोय केली आहे, ती माहीत असू द्यावी, कारण अज्ञानामुळे पुष्कळांचा हक्क बुडतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, मग ते जवळच्या शाळेत असो की विशेष शाळेत. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करावी. दिव्यांगतेचे प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळते. त्यावाचून पुढची दारे उघडत नाहीत, म्हणून ते आधी काढावे. मूल १८ वर्षांचे झाले, की आईबाप हे आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. आई-बाप हयात असतानाच हे केले, तर मागे शेतीच्या तुकड्यासाठी त्या भोळ्या जीवाचे हाल होत नाहीत. हे सगळे कागद अडाणी आईला एकटीला जमणार नाहीत. गावातल्या एखाद्या शिकलेल्या माळकऱ्याने एक दिवस मोडून तिच्याबरोबर जावे. तेवढी एक वारी आमच्या मते पंढरीरायाच्या वहीत नक्की लिहिली जाते.

आणि गावाने काय करावे? फार मोठे काही नाही. युसूफ वडगावच्या नावाने आम्ही सगळ्याच गावांना सांगतो. सप्ताह बसला, की त्या घरी आमंत्रण द्यायला जावे आणि लेकराचे नाव घेऊन द्यावे. "तुम्ही सगळे या," एवढ्यावर भागवू नये. "अमक्याला घेऊन या," असे म्हणावे. तो मध्येच ओरडला तर कीर्तनकाराने कपाळाला आठी घालू नये. त्याचा ओरडा हाही त्याच्या परीने गजरच आहे. त्याच्या हाती टाळ द्यावेत. ताल चुकेल, चुकू द्यावा. अशा कित्येक मुलांना शब्द कळण्याआधी ताल कळतो, हे त्यांना शिकवणारे सांगतात. मृदंगाच्या ठेक्यावर त्यांचे पाय उचलतात, ओठ हलतात. मग आपले भजन ही तर त्यांची घरची शाळाच झाली! पंगतीत त्याला आईच्या मांडीशी न बसवता ओळीत बसवावे आणि शेजाऱ्याने त्याच्या पानाकडे लक्ष ठेवावे, म्हणजे त्याची आई त्या दिवशी तरी गरम घास खाईल. द्रोण मांडणे, पत्रावळी वाटणे, पाण्याचा तांब्या फिरवणे ही कामे त्याला द्यावीत. कामाचे तुकडे करावेत, शेवटचा तुकडा आधी द्यावा. ती गुंडीची युक्ती आम्ही उगीच सांगितली नाही. आणि ऊसतोडीच्या दिवसांत गावात मागे राहणाऱ्या आयाबायांनी आळीपाळीने एकेका घराने दुपार वाटून घेतली, तर सहा महिने हां हां म्हणता जातील. एकादशीचे उपास आपण धरतो, ते सोडू नका; पण आठवड्यातली एक दुपार हेही व्रत म्हणून धरा.

रजनीताईंचे स्मरण आम्ही केले ते त्यांच्या तसबिरीला हार घालण्यासाठी नव्हे. हार एक दिवसात सुकतो. त्या आईने आपल्या एका लेकराच्या निमित्ताने कितीतरी लेकरांची आई होऊन दाखवले. एवढे ज्याला जमेल त्याने करावेच. पण ज्याला शाळा काढणे जमणार नाही, त्याला एक उंबरा ओलांडणे जमेल. शेजारच्या घराचा, आतल्या खोलीचा उंबरा. लऊळला जाताना देवाने कूर्मदासासाठी काय नेले होते, हे कथा सांगत नाही. तो फक्त गेला. जाणे हीच भेट होती.

तेव्हा मायबापहो, पुढल्या एकादशीस देवळातून परतताना पाऊल जरा वाकडे करा. ज्या दाराशी कोणी जात नाही, त्या दाराशी जा. आत एक लेकरू असेल, एक आई असेल. आईला नमस्कार मागाहून करा. आधी लेकराला त्याच्या नावाने हाक मारा.

राम कृष्ण हरि.